घोयऱ्याचा खाऊ आणि कोंबडीची पिल्लं

आम्ही गोराईच्या बचत गटातल्या बायका आज पुन्हा तुमच्यापुढे आलो आहोत. मागच्या वेळी परसातल्या कोंबड्यांवर बोललो होतो. त्यानंतर बरेच प्रश्न आले. त्यातला एक वाचून आम्हाला आधी हसू आलं आणि मग हसू आवरून विचार करावा लागला. एका ताईंनी विचारलंय, "माझ्या भाच्याने शेवग्यावरून घोयरा पकडून आणलाय. टोपलीत ठेवलाय. तो रोज त्याच्यासाठी नाकतोडे पकडतो. कुठले किडे चालतात, कुठले नाही?" त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीचा प्रश्न आला की पिल्लांना वाळवी घातली तर चालते का, कारण शेजारीण म्हणते की किडे खाऊन पिल्लं मरतात.

वरवर पाहिलं तर एक प्रश्न पोराच्या खेळाचा आणि एक पोटापाण्याचा. पण दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. रानातून, बांधावरून पकडलेला किडा दुसऱ्या जिवाच्या पोटात घालताना काय बघायचं, हा आजचा विषय.

आधी त्या भाच्याचं बघू. घोयरा म्हणजे आपला रंग बदलणारा सरडा. कुठे त्याला सरडगुहिरा म्हणतात, पुस्तकात शॅमेलिऑन. कुंपणावर मान हलवत बसतो तो साधा सरडा वेगळा. घोयरा हिरवा, अंगाने चपटा, शेपटीची गुंडाळी करणारा, डोळे दोन बाजूंना दोन वेगवेगळे फिरवणारा आणि चालताना असा डुलतो की पाऊल टाकू की नको. जीभ मात्र अंगाएवढी लांब फेकतो. त्याला विष नाही. त्याच्याकडे बघितलं की अमुक होतं, तो चावला की तमुक होतं, असलं खूप ऐकवतात आणि त्यापायी लोक त्याला दगडाने ठेचतात. त्यात काही तथ्य नाही. दिवसभर पानापानावरचे किडे टिपत हिंडणारा गरीब जीव आहे तो.

पण ताई, तो पाळायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला, घरात ठेवायला, विकायला बंदी आहे. भाच्याला ओरडू नका, पोरांना उत्सुकता असतेच. त्याला सांगा, जिथून आणला त्याच झाडावर, सकाळी ऊन चढायच्या आत सोडून ये. दुसऱ्या वाडीत नको, लांब जंगलात नको. त्याची ओळखीची फांदी तीच. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या फुकट नंबरावर फोन करा. टोपलीत तो फार दिवस जगत नाही, हेही पोराला कळू द्या. वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरचे थेंब चाटून तो तहान भागवतो. समोर भरलेली वाटी असून तहानेने मरतो बिचारा.

परदेशात मात्र घोयरे पाळणारे लोक आहेत. येमेनकडचे, मादागास्करचे घोयरे काचेच्या नाहीतर जाळीच्या पेटीत ठेवतात. आपल्या मुंबईतही फ्लॅटमध्ये असले परदेशी प्राणी ठेवणारे आहेत. त्यांना आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. हौसेला मोल नसतं, आपल्याला त्यात पडायचं नाही. पण या लोकांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बाहेरचा किडा घरातल्या जनावराला घालायचा असला की ते फार काटेकोर असतात. किडा कुठल्या जागेवरचा, तिथे औषध मारलं होतं का, किडा कुठल्या जातीचा, केवढा, त्याच्या पोटात काय आहे, एवढं सगळं बघूनच देतात. एका सरड्यासाठी जर इतकं बघतात, तर ज्या पिल्लांची अंडी पुढे आपल्या पोरांच्या ताटात येणार आणि खाडी ओलांडून बोरिवलीला विकायला जाणार, त्यांच्यासाठी आपण का बघू नये?

किडा चांगला की वाईट, हा वाद आम्हाला पटत नाही. कोंबडी मुळात किडेखाऊच आहे. सुकवलेल्या किड्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, जातीप्रमाणे थोडी कमीजास्त. लहान पिल्लाच्या खाद्यात शेकडा २० भाग प्रथिनं लागतात. आपण घालतो तांदळाची कणी आणि कोंडा, त्यात ती याहून बरीच कमी असतात. म्हणून कणीवर वाढवलेली पिल्लं पंख उशिरा धरतात, पाय बारीक राहतात, आणि पहिल्या दीड महिन्यातच गळायला लागतात. बाजारचं खाद्य आणायचं तर पिशवी बोटीतून आणण्यापासून खर्च. बांधावरचा किडा फुकट आहे. फक्त तो पारखून घ्यायचा.

वाळवीचा सापळा तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल, तरी सांगतो. जुनं मडकं घ्यायचं. त्यात गोणपाटाचे तुकडे, वाळलेलं शेण, थोडा पेंढा भरायचा, पाणी शिंपडून ओलं करायचं आणि वारुळाजवळ किंवा वाळवीची मातीची वाट दिसते तिथे पालथं घालायचं. वर ऊन लागू नये म्हणून झावळी टाकायची. संध्याकाळी ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आत वाळवी भरलेली. उलटं करून पिल्लांपुढे आपटायचं. एका मडक्यात दहापंधरा पिल्लांचं एका वेळचं भागतं. पावसाच्या सुरुवातीला वाळवीला पंख फुटून ती दिव्यावर येते, तेव्हा दिव्याखाली पाण्याची परात ठेवली तर सकाळपर्यंत परात भरते. ही वाळवी मऊ असते, पिल्लाला गिळायला सोपी. आमच्या मते पिल्लांसाठी वाळवीसारखा किडा नाही.

आता शेजारीण म्हणते ते. किडे खाऊन पिल्लं मरतात का? मरतात. आमच्या गटातल्या एकीची २२ पिल्लं होती, तीन आठवड्यांची. घरातल्या पोराने दुपारी डबा भरून नाकतोडे आणले आणि पिल्लांना टाकले. पिल्लांनी पळवापळवी करून खाल्ले. संध्याकाळी काहींच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पंख खाली पडले, अंग थरथरायला लागलं. रात्रीपर्यंत १७ गेली. चौकशी केली तेव्हा कळलं की पोराने नाकतोडे ज्या वांग्याच्या वाफ्यातून आणले, तिथे आदल्या दिवशीच फवारणी झाली होती. फवारणी करणाऱ्याचा यात दोष काय? त्याचं शेत, त्याचं वांगं. पण औषध लागलेला नाकतोडा सुस्त होतो, उडत नाही, पोराच्या हाताला पटकन लागतो. जो किडा सहज सापडतो तोच जास्त घातक असू शकतो, हे तेव्हा आम्हाला नीट कळलं. चपळ, टुणकन उडणारा नाकतोडा पकडायला घाम निघतो, पण तोच बरा. आणि तोही खात्रीचा नव्हे. नुकतंच औषध चाटलेला किडाही तासभर उड्या मारतोच.

ही गोष्ट आपल्या वाफ्यापुरती नाही. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशात १९९५-९६ च्या हंगामात शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं. उत्तर अमेरिकेतून हजारो कोस उडून तिथे येणारे एका जातीचे ससाणे हे नाकतोडे खातात. शेतात, झाडांखाली ससाण्यांचे सडे पडले. हजारोंनी मेले. दांडगा पक्षी, पण औषधाचे किडे पोटभर खाल्ले आणि संपला. हेच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडच्या कितीतरी घरांत कोनाड्यात असायचं. भाजीवर मारायला त्याला २००५ पासून मनाई आहे. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जुलै २०१३ मध्ये मध्यान्ह भोजनातून ते पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावरही २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी जुनी बाटली, जुनी पुडी माळ्यावर पडून असते. एकदा आपापला माळा बघाच. मिळाली तर नाल्यात किंवा खाडीत ओतू नका आणि ती पुडी उकिरड्यावरही टाकू नका, कारण उकिरडा म्हणजे कोंबड्यांचं जेवणाचं ताट. पोरांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि कृषी सहायकाला विचारा.

डब्यावरच्या त्रिकोणाबद्दलही बोलून टाकतो. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बायका म्हणतात, हिरवा आहे ना, मग काही नाही. तो त्रिकोण माणसाच्या हिशोबाने लावलेला असतो. तीन आठवड्यांच्या, मूठभर वजनाच्या पिल्लाने शंभर किडे खाल्ले तर काय, हे त्या त्रिकोणात नाही. म्हणून आमच्या गटाचा नियम सरळ आहे. ज्या वाफ्यावर औषध पडलं, त्या वाफ्यावरचा किडा त्या हंगामात घ्यायचाच नाही. दाणेदार औषध मातीत घातलं असेल तर तिथली गांडुळंसुद्धा नाहीत.

पण औषध पडलं हे कळणार कसं? इथे आमच्याकडे जमिनी एकमेकांना चिकटून आहेत. एकीचं भात, दुसरीची भेंडी, मध्ये वीतभर बांध. आम्ही एक युक्ती काढली. जी कोणी फवारणी करेल तिने वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना काठीवर लाल चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे पोरांनी तिथले किडे पकडायचे नाहीत आणि कोंबड्या तिकडे सोडायच्या नाहीत. पहिल्यांदा पुरुषमंडळी हसली, की शेतात लग्नाचं तोरण लावलंय का. आता तेच आठवण करतात. यात पैसा लागत नाही, भांडण होत नाही, आणि पोरांना वाचता येत नसलं तरी लाल रंग कळतो.

शेतापेक्षाही आम्हाला धास्ती वाटते ती घराच्या आसपासच्या औषधांची, कारण त्यांच्यावर कोणी चिंधी बांधत नाही. गोराई-मनोरीच्या बाजूला बंगले आहेत, रिसॉर्ट आहेत. नवं बांधकाम झालं की पायात वाळवीचं औषध ओततात आणि ते वर्षानुवर्षं मातीत राहावं म्हणूनच ओतलेलं असतं. तिथल्या भिंतीजवळची वाळवी मडक्यात धरू नका. आपलं मडकं भिंतींपासून लांब, रानातल्या वारुळाजवळच. डासांसाठी धूर मारून गेले की सकाळी खांबाखाली, गटारापाशी किड्यांचा खच पडलेला असतो. कोंबड्या नेमक्या तिकडे धावतात. ज्या दिवशी धूर मारतील त्या संध्याकाळी खुराडं झाकून घ्या आणि दुसऱ्या सकाळी अंगण झाडून तो केर पुरल्याशिवाय कोंबड्या सोडू नका. घरात झुरळांचा खडू ओढला, स्प्रे मारला, तर मेलेली झुरळं केरातून अंगणात जातात. ती पुरायची. उताणं पडलेलं झुरळ कोंबडीला टाकणं म्हणजे तिला विषाची गोळी देणं. उंदराच्या औषधाने मेलेला उंदीरही तसाच, कोंबडी तो टोचून खाते आणि मांजरही.

एक गैरसमज फार पसरलाय, तो इथेच मोडायला हवा. पुष्कळ जणी म्हणतात, किडे गरम पाण्यातून काढले की झालं. गरम पाण्याने जंत मरतात, विष मरत नाही. औषध काही धुऊन, उकळून जात नाही. उलट पाण्यात उतरून सगळ्याच किड्यांना लागतं. जागा पारखणं याला दुसरा उपाय नाही.

आणि हे विष पिल्लाला मारलं नाही तरी कुठे जातं? काही औषधं चरबीत साठतात आणि अंड्याच्या बलकात उतरतात. २०१७ मध्ये युरोपात हॉलंड-बेल्जियमकडे कोंबड्यांच्या अंगावरच्या लाल माइट्ससाठी खुराड्यात फिप्रोनिल नावाचं औषध वापरलं गेलं. तिथे त्याला परवानगी नव्हती. ते अंड्यात सापडलं आणि लाखो अंडी दुकानांतून काढून फेकावी लागली. तिथे तपासणारे होते म्हणून कळलं. आपल्या गावठी अंड्याला कोण तपासतंय? गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं ते "ताई, तुमच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात ना" एवढ्या एका विश्वासावर.

हे झालं माणसाने घातलेलं विष. काही किडे स्वतःच विषारी असतात. कोंबडी शहाणी असते, बहुतेक वेळा चोच लावून सोडून देते. पण मशीनमधून आलेली, आईशिवाय वाढलेली पिल्लं असतील, वनराज-गिरिराजसारखी, तर त्यांना शिकवायला कोणी नसतं. डब्यातून मूठभर किडे एकदम टाकले की ती निवडत बसत नाहीत. तेव्हा निवडायचं काम आपलं. काळ्या पाठीवर केशरी-लाल पट्टे असलेला एक भुंगा भेंडीच्या, जास्वंदीच्या, वालाच्या फुलांवर बसतो. हातावर चिरडला तर फोड येतो. तो नको. रुईच्या झाडावर पिवळे-निळे पट्टे असलेला मोठा रंगीत नाकतोडा दिसतो, तो रुईचा चीक अंगात साठवतो. रुईवरच्या अळ्याही तशाच. केसाळ सुरवंट नको, गळ्यात काटे रुततात. पावसाळ्यात निघतो तो पैसाकिडा, हात लावला की पैशासारखा गोल होतो, त्याच्या अंगातून जळजळीत रस सुटतो, तोही नको. काजव्यांचं तर पोरांना सांगायलाच हवं, कारण जूनमध्ये ती बाटलीत काजवे भरतात. अमेरिकेत तिथल्या काजव्यांच्या एका जातीने पाळलेले सरडे मेल्याची नोंद आहे, एकदोन काजवे खाऊन. सरड्यासारख्या किडेखाऊ जनावराला जे सोसलं नाही ते आपण आपल्या पिल्लांवर कशाला करून बघायचं? सोपी खूण अशी की जो किडा भडक रंगाचा आहे आणि उघड्यावर बसूनही घाबरत नाही, त्याच्या अंगात काहीतरी आहे म्हणूनच तो घाबरत नाही. मातकट, हिरवा, लपणारा, पळणारा किडा घ्या.

आकाराचं फार लांबवत नाही. परदेशातले सरडेवाले म्हणतात की किडा जनावराच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. पिल्लांना हाच हिशोब पुरतो. मोठ्या नाकतोड्याच्या मागच्या काटेरी तंगड्या मोडून, दोन तुकडे करून टाका. आणि सगळं पोट किड्यांनी भरू नका. कणी, कोंडा, पाला हवाच.

जंतांकडे वळू. शेणकिडा, भुंगेरे, घरमाशी, मुंग्या, गोगलगाय, गांडूळ, झुरळ, नाकतोडा, यांच्या पोटात कोंबडीच्या जंतांची पिल्लं राहतात. कोंबडीच्या विष्ठेतून अंडी बाहेर, ती किड्याच्या पोटात, किडा पुन्हा कोंबडीच्या पोटात, असं चक्र चालतं. म्हणून खुराड्याच्या आसपासचा, उकिरड्यावरचा किडा पकडून मुद्दाम देऊ नये. ती स्वतः चरेल ते चरेल. आपण देतो तो किडा लांबून आणावा. इथे मात्र उकळतं पाणी उपयोगी पडतं. शेणकिडे, भुंगेरे, गोगलगाई घालायच्याच असतील तर उकळत्या पाण्यात चांगल्या शिजवून, निथळून द्या. वाळवीला हे करायची गरज आम्हाला कधी पडली नाही. कोंबडीच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, हलणारे तुकडे दिसले की ते पट्टकृमीचे. खाते भरपूर आणि अंगाला लागत नाही, तुरा फिका पडतो. दवाखान्यातून जंताचं औषध विचारून घ्या. शेळीच्या औषधातलं अंदाजाने ओतू नका. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत तेही त्याच वेळी विचारा.

आपण मासळीच्या गावच्या बायका, म्हणून पुढचं आपल्यासाठी खास. माशांची डोकी, आतडी कुजवून त्यावर पडलेल्या अळ्या कोंबड्यांना घालायची पद्धत आहे. अळी पौष्टिक असते, खरं आहे. पण सडक्या मांसात, मेलेल्या जनावरात एक जंतू वाढतो आणि तो जे विष सोडतो ते अळीच्या अंगात साठतं. अळीला काही होत नाही. कोंबडी मात्र खाते आणि दिवसभरात तिची मान लुळी पडते, जमिनीवर टेकते, पंख, पाय, पापण्या ढिल्या. याला मानमोडी समजून बायका गोंधळतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, त्यात मान वाकडी होते, पिळवटते, सोबत श्वासाची घरघर आणि हिरवट हगवण असते, आणि ती एका खुराड्यातून दुसऱ्यात पसरते. अळ्यांच्या विषात मान पिळत नाही, नुसती गळून पडते. म्हणून मेलेली कोंबडी, उंदीर, सडकी मासळी उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. अळ्या घालायच्याच असतील तर मासळीवरच्या नाही, ताज्या शेणातल्या-कोंड्यातल्या घ्या आणि जंतांसाठी सांगितलं तसं उकळत्या पाण्यातून काढा. आमच्यातल्या निम्म्या जणींनी अळ्यांचा नादच सोडलाय, त्यांचंही चूक नाही. सुक्या मासळीचा चुरा घालत असाल तर बिनमिठाचा घाला. खारवलेल्या मासळीने पिल्लं तहान-तहान करत मरतात.

आता किड्यात एक कमतरता असते, तीही सांगायला हवी. किड्याला हाडं नसतात. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, अगदी थोडं आणि फॉस्फरस कितीतरी पट जास्त. नुसत्या किड्यांवर ठेवलेल्या घोयऱ्याची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, म्हणून ते सरडेवाले प्रत्येक किडा कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून देतात. कोंबडीचं दुखणं वेगळ्या ठिकाणी दिसतं. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाण्यातून मिळालं नाही की ती स्वतःच्या हाडातून काढते. मग पातळ कवचाची, कधी नुसत्या सालीची अंडी, आणि पायात बळ नाही. यावर आपल्याकडे उपाय दारात पडलेला आहे. तिसऱ्या, शिंपल्या, कालवं यांची कवचं गोड्या पाण्यात दोनतीनदा धुऊन मीठ काढा, उन्हात कडक वाळवा, तव्यावर थोडी भाजा म्हणजे ठिसूळ होतात, आणि खलबत्त्यात कुटा. पीठ नको, ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा हवा. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून बारीक करून. नाहीतर कोंबडीला स्वतःचं अंडं फोडून खायची चव लागते. चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळ्या करवंटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेएवढा खाते. पिल्लांना मात्र ही करवंटी नको, त्यांच्या मूत्रपिंडाला जादा कॅल्शियम झेपत नाही. त्यांना उघड्यावर सकाळचं ऊन आणि पालेभाजी एवढं पुरे.

किडे पकडून लगेच न घालता एक दिवस जाळीच्या झाकणाच्या डब्यात आपल्या परसातल्या बिनफवारणीच्या पाल्यावर ठेवले तर दोन गोष्टी होतात. त्यांच्या पोटातलं बाहेर जातं आणि आपला पाला आत जातो, म्हणजे तेवढंच पोषण वाढतं. आणि औषध लागलेले असतील तर त्यातले बरेच दुसऱ्या दिवशी मेलेले सापडतात. डब्यात निम्मे मेलेले दिसले तर उरलेले जिवंतही घालू नका, सगळा डबा पुरून टाका. सगळे जिवंत राहिले म्हणून जागा चांगली असं मात्र धरू नका. जागा आधी पारखायची ती पारखायचीच.

पाकिस्तानात ओकारा जिल्ह्यात २०२० च्या सुरुवातीला टोळधाड आली होती, तेव्हाचा एक प्रयोग आम्हाला फार आवडला. तिथे लोकांना सांगितलं की रात्री झाडावर थंडावून बसलेले टोळ पकडून आणा, किलोला तिथले २० रुपये देऊ. ते कोंबडीखाद्याच्या कारखान्याला गेले. पण त्यासाठी जागा अशी निवडली होती जिथे टोळांवर औषध फवारलंच नव्हतं. पुढे २०२० च्या मे महिन्यात टोळ आपल्या विदर्भातही उतरले, अमरावती-नागपूरकडे, आणि इथे फवारणी झाली. तिथल्या कुणा बाईने सकाळी झाडाखालचे टोळ गोळा करून कोंबड्यांना घातले असते, तर काय झालं असतं ते आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेवटी, झालंच काही तर काय करायचं. लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक होते, पंख पडतात, झटके येतात, ही फवारणीच्या औषधाची लक्षणं. उरलेले किडे ताबडतोब उचला. ज्या पिल्लांनी खाल्ले नाहीत ती वेगळी करा. स्वच्छ पाणी ठेवा, पण झटके येणाऱ्या पिल्लाच्या चोचीत दूध, तेल, मिठाचं पाणी काही ओतू नका, ते श्वासनळीत जातं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि जाताना औषधाची बाटली किंवा निदान तिच्यावरच्या नावाचा फोटो न्या. डॉक्टर नाव बघून उपाय ठरवतात. उरलेले किडेही डब्यात घालून न्या. मेलेल्या पिल्लांचं कालवण करू नका, शेजारच्याला देऊ नका, कुत्र्यालाही घालू नका.

आणि किडे घातलेले नसताना एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर विष असेल असं घरीच ठरवून गप्प बसू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरायला लागल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने हात लावू नका, हाताला प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडाला रुमाल बांधा, आणि लगेच दवाखान्याला कळवा. तिथून नमुने पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जातात. उत्तर यायला दिवस लागतात, तोवर खुराड्यातली एकही कोंबडी, एकही अंडं विकू नका आणि पाहुण्यांकडेही पाठवू नका.

पुढच्या वेळी आम्ही खुडूक कोंबडीच्या अंड्यांवर बोलणार आहोत, बॅटरीच्या उजेडात अंडं कसं बघायचं ते. प्रश्न असतील तर पाठवा.